वेळ पाहून समुद्रावर

पोंभुर्ण्याच्या रानात पडलेला पाऊस अंधारी नदीत उतरतो. अंधारी वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते आणि गोदावरीची एक शाखा आंध्रातील अंतर्वेदी येथे समुद्राला अर्पण होते. चंद्रपूर जिल्ह्यातील या वनतालुक्याचे पाणी दरवर्षी न चुकता पूर्वसमुद्राकडे जाते. माणसे मात्र पश्चिमसमुद्राकडे जातात. सरळ रेषेत मोजले तर पोंभुर्ण्याला बंगालचा उपसागर कितीतरी जवळचा, आणि अरबी समुद्र त्याच्या दीडपटीहूनही लांब. तरीही नाताळाची सुट्टी लागली किंवा वार्षिक परीक्षा आटोपल्या की पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, चामोर्शी इकडची कुटुंबे रेल्वेने, एस. टी.ने किंवा चार घरांनी मिळून ठरवलेल्या गाडीने निघतात ती अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, तारकर्ली नाहीतर थेट गोव्याला. विदर्भातील मुलाची समुद्राशी पहिली भेट पाठ्यपुस्तकातच झालेली असते. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा धडा त्याने वाचलेला असतो. 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना सुचलेली ती कविता त्याने शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलेली असते. त्याच्या मनातला समुद्र हा कोकणचाच समुद्र असतो. अंतर किलोमीटरमध्ये मोजून अशी ओढ कमी होत नाही.

या ओढीला नाक मुरडण्याचे काही कारण नाही. सहलीला जाणाऱ्या मध्यमवर्गावर चंगळवादाचा शिक्का मारण्याची एक सवय आपल्याकडील काही विचारवंतांना जडलेली आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यातील एखादा शिक्षक किंवा कारकून वर्षभर पैसे साठवून आपल्या मुलांना, आणि ज्यांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही अशा आपल्या आईला, पुळणीवर नेऊन उभे करतो, यात चंगळ ती कोणती? त्या वृद्धेने लाटेचे पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावले, तर तिच्या लेखी ते तीर्थच असते. आपल्या परंपरेत प्रातःकाळी पाऊल टाकण्यापूर्वी भूमीची क्षमा मागताना तिला समुद्राचे वस्त्र नेसलेली देवी म्हटले आहे. तेव्हा समुद्रावर जरूर जावे, आनंदाने जावे, पुन्हा पुन्हा जावे. प्रश्न आहे तो जाण्याच्या रीतीचा. ही रीत चुकल्यामुळे दरवर्षी किती घरांतील दिवे मालवतात, याचा विचार सहलींच्या दिवसांत कोणी करताना दिसत नाही.

वनप्रदेशातील समाजाला तर ही गोष्ट सर्वांत आधी उमगायला हवी. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला शहाणा माणूस एकटा जात नाही. तो चार जणांच्या सोबतीने जातो, हाकारत जातो, वाघाचा वावर कोठे आहे हे आधी विचारून घेतो. ताडोब्यात मुंबई-पुण्याचा कितीही मोठा धनिक आला तरी त्याला स्थानिक मार्गदर्शक सोबत घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि गाडीतून खाली पाय टाकू देत नाहीत. या नियमांचे हसू कोणाला येत नाही. कारण रानाला स्वतःचा स्वभाव आहे आणि तो तेथे राहणाऱ्यालाच कळतो, हे इकडच्या माणसाच्या अंगवळणी पडलेले आहे. तोच माणूस समुद्रावर पोहोचला की गाडीतून उतरल्या क्षणी चपला हातात घेऊन पाण्याकडे धाव घेतो. किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या कोळ्याला तो एक प्रश्नही विचारत नाही. वाघ दिसतो, म्हणून त्याचे भय वाटते. समुद्र तर समोर पसरून हसत असतो.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी चौदा जण बुडाले. शिक्षक सोबत होते, दिवस उजेडाचा होता, पावसाळा नव्हता. डिसेंबर 2024 मध्ये कर्नाटकातील मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातील निवासी शाळेच्या चार मुली अशाच गेल्या. कोलार म्हणजे तिकडचा कोरडा, समुद्रापासून लांबचा मुलूख. 3 ऑक्टोबर 2025 रोजी, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडा-वेळागर येथे बेळगावकडून आलेल्या कुटुंबातील अनेक जण एकाच वेळी ओढले गेले. हे तेच शिरोडे, जेथे मे 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी महाराष्ट्रभरातून लोक जमले होते. तीन वेगवेगळे किनारे, तीन वेगवेगळे ऋतू. पण तिन्ही ठिकाणी बळी गेलेले बहुतेक लोक घाटावरचे. मच्छीमार समाजातील माणूस समुद्रात मरत नाही असे नाही. तो वादळात मरतो, पोटासाठी मरतो. गुडघाभर पाण्यात खेळता खेळता मरण्याची पाळी बहुधा पाहुण्यावर येते.

असे का होते, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘लाट आली आणि घेऊन गेली’ हे वर्तमानपत्री वाक्य अर्धेच खरे आहे. लाट माणसाला किनाऱ्याकडेच ढकलते. धोका असतो तो लाटेने आणलेल्या पाण्याच्या परतीचा. एकामागून एक लाटा पुळणीवर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाण्यासाठी वाळूतील सखल वाट शोधते आणि त्या अरुंद वाटेने जोराने समुद्राकडे धावते. ही परतीची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकते. यातला खरा कपटीपणा असा, की जेथे ही ओढ असते तेथे लाटा फुटत नाहीत. आजूबाजूला फेस उसळत असताना मधला एक पट्टा शांत, थोडा गडद दिसतो. नवखा माणूस नेमका तोच पट्टा सुरक्षित समजून मुलांना तेथे उतरवतो. पायाखालची वाळू सरकते, कंबरेइतके पाणी दोन पावलांत गळ्याशी येते. साडी, सलवार किंवा जीन्स भिजून जड होते, आणि घाबरलेला माणूस जीव खाऊन सरळ किनाऱ्याच्या दिशेने, म्हणजे ओढीच्या विरुद्ध, हातपाय मारू लागतो. तो बुडतो तो दमून. अशा वेळी करायचे ते याच्या अगदी उलट. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर, आडवे सरकावे. ओढीचा पट्टा बहुधा फार रुंद नसतो; त्यातून बाजूला निघाले की लाटाच पुन्हा काठाकडे आणतात. आणि काठावरच्यांनी एकाला वाचवायला एकामागून एक उड्या टाकू नयेत. एकाच घरातील तीन-चार जण एकदम जातात ते बहुतेक अशाच मायेपोटी. दोरी, रिकामा प्लास्टिकचा डबा, गाडीची हवा भरलेली ट्यूब, जे तरंगते ते फेकावे आणि जीवरक्षकाला किंवा कोळ्याला हाक मारावी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. येथे तर आपल्या घरातच असलेले ज्ञान आपण वापरत नाही. पोंभुर्ण्यातही प्रत्येक घराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यात रोजची तिथी छापलेली असते. संकष्टी कधी, एकादशी कधी, हे पाहायला ती रोज उघडली जाते. त्याच तिथीवरून समुद्राची वेळ काढण्याची रीत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास समुद्र भरलेला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा हिशेब बराचसा जुळतो; दक्षिणेकडे सरकावे तशी वेळ काहीशी अलीकडे येते, म्हणून तेथे गेल्यावर स्थानिकांकडून खात्री करून घ्यावी. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते ती चंद्र तेवढा उशिरा येतो म्हणून. तिथीचे गणितही चंद्राचेच. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राचे बळ एकत्र येते आणि उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास दोघांचे बळ एकमेकांना छेदते आणि भांगाची सौम्य भरती असते. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्याला पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढते. म्हणजे एका मजल्याहून जास्त. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या दर्यावर्दी समाजाने हे सारे बोटांवर मोजून ठेवले, आणि हाती मोबाइल असलेला पदवीधर त्याच समुद्रात विचार न करता उतरतो!

अर्थात पंचांग पाहिले की निर्धास्त व्हावे, असाही याचा अर्थ नाही. मुरूडची ती दुर्घटना घडली तेव्हा ना पौर्णिमा होती ना अमावास्या. पौष वद्य अष्टमीच्या सुमाराची, भांगाची तिथी होती ती. वाळूतील वाटा दर पावसाळ्यानंतर बदलतात आणि त्या कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेल्या नसतात. त्या फक्त तेथला माणूस जाणतो. म्हणून तिथी पाहायची ती निघण्यापूर्वी, आणि विचारायचे ते पोहोचल्यावर. दोन्ही गोष्टी केल्याशिवाय पाण्याला पाय लावू नये. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे समुद्राचा काठ आणि ‘वेला’ म्हणजेच काळ, घटका. एकाच शब्दात काठ आणि काळ बांधणाऱ्या पूर्वजांना किनाऱ्याची वेळ चुकवणे म्हणजे काय, हे ठाऊक असले पाहिजे.

तीर्थक्षेत्री जाणाऱ्यांना हे विशेष सांगायला हवे. कारण देवाच्या दारात काही होत नाही, ही भाबडी समजूत अजून टिकून आहे. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा डोंगराला वळसा घालून खडकांवरून, अगदी लाटांच्या शेजारून जाते. भरती असताना ती वाट पाण्याखाली असते, म्हणून ती ओहोटीलाच करायची असा तेथला दंडक आहे. तो मोडून, शेवाळलेल्या खडकावर छायाचित्रासाठी उभे राहून तेथे कित्येकांनी प्राण गमावले आहेत. गणपतीपुळ्याला तर डोंगर हेच देवाचे रूप मानतात आणि त्याच्या पायथ्याशी पुळण. देवळातून बाहेर पडलेली मुले थेट समुद्रात धावतात. तेथील समुद्र देखणा आहे तसाच दगाबाजही आहे. दर्शनाची रांग दोन तास शिस्तीने लावणारा भाविक दहा मिनिटे थांबून लाल झेंड्याचा अर्थ विचारत नसेल, तर ती श्रद्धेची कसोटी म्हणता येणार नाही. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका. लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतील तर जीवरक्षकांची नजर त्या दोन झेंड्यांमधल्या पट्ट्यावर आहे, तेवढ्यातच खेळावे. इतके सोपे आहे हे.

पावसाळ्यातील समुद्रस्नानाचे वेडही अलीकडे वाढले आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीसाठी ही बंदी आहे, तशीच ती खवळलेल्या समुद्रापासून माणसांना जपण्यासाठीही आहे. कायदा नव्हता तेव्हाही कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करीपर्यंत होडी पाण्यात लोटत नसे. ज्याचे पोट समुद्रावर आहे तो दोन महिने होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतो. आणि ज्याची केवळ शनिवार-रविवारची हौस आहे तो त्याच दोन महिन्यांत मालाडच्या अक्सावर किंवा अलिबागला छाती काढून लाटांसमोर उभा राहतो. काही महाभाग तर वाळूवर मोटारी घालतात. भरतीत अडकलेली नवी कोरी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढण्याची दृश्ये रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर आता नवलाची राहिलेली नाहीत. गाडीचे जाऊ द्या, तिला विमा असतो. चाकाखाली जे चिरडले जाते त्याला विमा नाही.

मंडणगड तालुक्यातील वेळास, म्हणजे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 पासून सागरी कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री पुळणीवर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पुढे साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धाव घेतात. पूर्वी ही अंडी चोरून विकली जात. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावालाच या कामात गोवले. ग्रामस्थ रात्री गस्त घालू लागले आणि पिल्ले पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना घरोघरी उतरवून घेऊ लागले. पाहुणा मोदक-भाकरी खातो, पहाटे दोरीमागे गप्प उभा राहतो, पिल्ले पाण्यात शिरली की परततो. कर्णे नाहीत, फटफट्या नाहीत, बाटल्या नाहीत. कोकणात पर्यटन म्हटले की गोव्याची नक्कलच करावी लागते असे सांगणाऱ्यांनी एकदा वेळासला जाऊन यावे. ज्या समुद्रकाठावर गावाचा शब्द चालतो तेथे पाहुण्याची मुलेही अधिक सुखरूप असतात, हा योगायोग नाही. पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते, जी वाळू धरून ठेवते आणि समुद्राला आत येऊ देत नाही. तिला आपल्या लोकांनी नाव दिले आहे मर्यादवेल. सुशोभीकरणाच्या नावाखाली फरश्या आणि टपऱ्या बसवताना सर्वांत आधी ती उपटली जाते.

आता शासनाविषयी. महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर लांब, असे पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले. या किनाऱ्यावर जीवरक्षक मात्र बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या ऐपतीप्रमाणे. जेथे पैसा आहे तेथे आहेत, जेथे नाही तेथे ‘समुद्र धोकादायक आहे’ असा गंजलेला फलक. शेजारच्या गोव्याने 2008 पासून राज्याच्या पातळीवर किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची सेवा उभी केली. गोव्याच्या पर्यटनातील अनेक गोष्टी घेण्यासारख्या नाहीत. ही मात्र घ्यावीच अशी आहे, आणि नेमकी तीच राहून गेली. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ समुद्राखालचे विश्व दाखवून परतणारी नौका उलटली आणि दोन पर्यटक दगावले. अशा घटनेनंतर काही दिवस तपासणी होते, नौकांवर जीवरक्षक जाकिटे दिसतात, पुढच्या हंगामात ती पुन्हा आसनाखाली जातात. मुरूड, हर्णै, गुहागर, मालवण येथील कोळी-भंडारी समाजातील तरुण या कामासाठी घडलेलेच आहेत. त्यांना हंगामी मजुरीवर ताटकळत न ठेवता रीतसर प्रशिक्षण, बारमाही वेतन, नौका आणि दोऱ्या देण्याला किती खर्च येणार? एका मोठ्या पर्यटन महोत्सवाच्या रोषणाईहून तो जास्त नसावा. शाळांच्या सहलींनाही एक साधी अट घालता येईल. परवानगीच्या अर्जासोबत त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ आणि किनाऱ्यावरील जीवरक्षकाची नोंद जोडलेली नसेल, तर सहल समुद्रावर जाणार नाही.

सारे सरकारवर सोडूनही भागणार नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर 1907 मध्ये स्थानिक पोहणाऱ्यांनी मंडळ स्थापन केले, सुट्टीच्या दिवशी पाळीपाळीने किनाऱ्यावर पहारा दिला, आणि त्यातून त्या देशात विनावेतन जीवरक्षकांची मोठी परंपरा उभी राहिली. आपल्याकडे हे परके नाही. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर कोळी तरुण आणि मंडळांचे कार्यकर्ते छातीभर पाण्यात रात्रभर उभे राहून हेच करतात. एका रात्रीची ही शिस्त डिसेंबर आणि मे महिन्यांतील शनिवार-रविवारी टिकवायची आहे. किनारी भागातील शाखा, तरुण मंडळे, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनी ठरवले तर ते अशक्य नाही.

आणि पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणी करायचे काम त्याहून मोठे आहे. मार्च 2025 मध्ये नागभीडजवळच्या घोडाझरी तलावात पाच तरुण बुडाले. म्हणजे पाण्याने मरायला समुद्रापर्यंत जावे लागत नाही. वैनगंगेचे डोह, तलाव आणि खाणींचे खड्डे घराजवळच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 3 लाख माणसे बुडून मरतात, आणि त्यात मुलांचे प्रमाण मोठे आहे. दोन पिढ्यांपूर्वी गावातील पोर पाठीला वाळलेले भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकत असे. काका किंवा मोठा भाऊ वरून ढकलून द्यायचा आणि काठावर दोर धरून उभा राहायचा. कूपनलिका आल्या, विहिरी बुजल्या किंवा कचऱ्याने भरल्या, आणि पोहणे शहरातील तरणतलावाचे शुल्क भरणाऱ्यांपुरते उरले. मुलींचे तर विचारूच नये. सातवी-आठवीतील मुलामुलींना निदान पाच मिनिटे पाण्यावर तरंगत राहता येईल एवढे शिकवायला फार मोठ्या योजनेची गरज नाही. तालुक्यात बांधबंदिस्ती केलेला, खोली ठाऊक असलेला एखादा तलाव, दोन प्रशिक्षित शिक्षक, एक शिक्षिका, दहा दोर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील तीन आठवडे एवढे पुरे.

2026 साली मार्गशीर्ष पौर्णिमा नाताळाच्या अगदी आदल्या एक-दोन दिवसांत येते. म्हणजे दत्तजयंती करून सुट्टीवर निघालेली कुटुंबे किनाऱ्यावर पोहोचतील ती भर उधाणात. दुपारी बारा-एकच्या सुमारास, जेव्हा जेवणापूर्वी एक डुबकी मारण्याची टूम निघते, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर पाणी उधाणाच्या भरतीने चढलेले असेल, आणि त्यानंतरचे सहा तास ते तितक्याच जोराने परतत असेल.